या जेवाले

१

भिकुबाईची किळस धुळ्याच्या देवपुरात प्रसिद्ध होती. कुणाचा आवाज प्रसिद्ध असतो, कुणाचा हातगुण, हिची किळस. लग्नाला जाताना पिशवीत स्वतःचं ताट, वाटी आणि पेला घेऊन जायची. हॉटेलचा चहा तिनं जन्मात घेतला नाही. नवरा मगन एसटीत कंडक्टर होता. तीस वर्षं तो गर्दीत घासून घरी यायचा आणि तीस वर्षं त्याला दाराबाहेरच्या नळावर हातपाय धुतल्याशिवाय उंबरा ओलांडता आला नाही. नवी नवरी असताना सासूनं सांगितलं, नवऱ्याच्या उष्ट्या ताटात जेव. ही बया उपाशी झोपली, पण जेवली नाही. सासूनं आठ दिवस अबोला धरला, मग तीच थकली. पोटचं पोर लहान होतं तेव्हा त्याचा उरलेला घासही ही गाईला घालायची. आई कसली, इन्स्पेक्टर, असं मगन म्हणायचा.

पण आई ती होतीच. प्रेमराज एकुलता एक. तो डॉक्टर व्हायला कझाकस्तानात गेला आणि सहा वर्षं तिनं त्याला मोबाईलच्या काचेतून पाहिलं. मधली दोन वर्षं करोनानं खाल्ली. तेव्हा तो हॉस्टेलच्या खोलीत अडकला होता आणि ही इथं देवघरासमोर. तिनं तेव्हाच ठरवून टाकलं, पोरगं एकदा हाती लागलं की पुन्हा डोळ्याआड होऊ द्यायचं नाही. देवपुरातल्या घराची पुढची खोली दवाखान्यासाठी रिकामी केली. पाटीचा रंगसुद्धा ठरवला. म्हणून पदवीदानाला ती स्वतः गेली, मगनला हाताशी धरून, आणि परतीच्या प्रवासात पोराला मध्ये बसवून निघाली.

प्रेमराजचं कॉलेज होतं त्या उत्तरेकडच्या गावातून विमान नव्हतं. आधी बावीस तास रेल्वे, मग अल्माटीहून विमान. डब्यात चार चार बर्थच्या बंद खोल्या, खिडक्या न उघडणाऱ्या, पायाखाली गालिचा. भिकुबाईनं गालिचा पाहूनच नाक मुरडलं. मग डेटॉलचं फडकं काढलं आणि पुसायला सुरुवात केली. बर्थ, टेबल, दाराची मूठ, दिव्याचं बटण. रेल्वेनं दिलेल्या सीलबंद चादरी तिनं बाजूला ठेवल्या आणि घरच्या अंथरल्या. खालचे दोन बर्थ नवरा-बायकोला, मगनच्या वरचा प्रेमराजला. तिच्या डोक्यावरचा चौथा बर्थ आधीच भरलेला होता. कुणीतरी तपकिरी ब्लँकेट डोक्यापर्यंत ओढून भिंतीकडे तोंड करून पडलं होतं.

त्या माणसाची चादरीची पिशवी फोडलेली नव्हती, ती पायथ्याशी तशीच होती. म्हणजे तो उघड्या गादीवर पडला होता, जिच्यावर आजवर कोण कोण झोपलं असेल त्याचा हिशेब देवालाच ठाऊक. भिकुबाईच्या अंगावर काटा आला. तिनं खाली वाकून पाहिलं. तिघांच्या चपला-बुटांशेजारी चौथा जोड कुठंच नव्हता.

"बूट घालीसन जपना व्हई," ती पुटपुटली, आणि ब्लँकेटखालचे बूट डोळ्यांसमोर आणून तिनं डेटॉलचं फडकं पुन्हा काढलं.

२

दुपारी दोनला तिनं डबा उघडला. हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात आदल्या दिवशी तिनं दुधात गूळ घालून कणीक मळली होती आणि चाळीस दशम्या केल्या होत्या. सोबत देवपुराहून आणलेली शेव आणि लसणाची चटणी. गुळाचा आणि लसणाचा वास त्या कोंडलेल्या खोलीत भरला. कागदाच्या ताटल्या मांडता मांडता तिनं मान वर केली आणि ब्लँकेटकडे पाहून म्हणाली, "या जेवाले."

खान्देशात हे म्हणावंच लागतं. डबा उघडला की नजरेसमोर जो असेल त्याला बोलवायचं, ओळख असो नसो, भाऊबंदकीतला वैरी का असेना. आणि समोरच्यानं "होऊ द्या तुम्हनं" म्हणून नाकारायचं, हेही तितकंच ठरलेलं. बोलावणाऱ्याची भाकरी वाचते, नाकारणाऱ्याची अब्रू. असं पिढ्यान् पिढ्या सुखानं चाललेलं आहे.

प्रेमराज वरून हसला. "माय, त्याले काय समजी?"

"समजो का नही समजो. आपलं तोंड आपलं शे."

तेवढ्यात ब्लँकेटखालून हात आला.

तो तिच्या डोक्याच्या उजव्या बाजूनं खाली उतरला, तळवा वर करून. मनगटापर्यंतच दिसत होता. पांढुरका, फुगीर, भांडी घासून घासून बायकांचे हात होतात तसा सुरकुतलेला आणि ओला. नखं मात्र स्वच्छ कापलेली. भिकुबाईनं ती स्वच्छता मनातल्या मनात मान्य केली आणि मगच तिच्या लक्षात आलं की तळव्यावर रेघाच नाहीत. सगळ्या सुरकुत्या बोटांवर. तळवा कोरा.

"दे ना वं," मगन म्हणाला. त्याच्या तोंडात शेव होती. "बोलावं तू, आते मांगी राहिना तं दे. बिचाराले भूक लागनी व्हई."

तिनं हाताला हात लागणार नाही अशा बेतानं वरून एक दशमी सोडली. हात आत गेला. मग चावण्याचा आवाज सुरू झाला. सावकाश, ओला, मन लावून. जेवताना असला आवाज मगननं केला असता तर त्याला ताटावरून उठवलं असतं तिनं. पण पाहुण्याला काय बोलणार?

आवाज थांबला आणि हात पुन्हा आला. या खेपेस चिमटीत काहीतरी होतं. ते त्यानं टेबलावरच्या डब्याच्या झाकणावर अलगद ठेवलं. चावलेल्या दशमीचा चोथा होता तो. ऊस खाऊन थुंकतात तसा, पण दशमीचा कधी चोथा होतो का? राखाडी, चकचकीत, लाळेची तार अजून बोटाला लागलेली. मग हात उलटा झाला आणि कोरा तळवा परत पुढे आला.

भिकुबाईच्या घशाशी आलेलं अन्न तिनं परत गिळलं. त्या गिळण्याचीही तिला किळस आली. पण बोलावलेल्या माणसाला अर्ध्या पोटी ठेवणं तिच्या माहेरी, शिंदखेड्याकडं, पाप समजलं जायचं. तिनं दुसरी दशमी सोडली.

३

संध्याकाळपर्यंत सत्तावीस दशम्या गेल्या. आपण मोजल्या नाहीत असं भिकुबाईला वाटत होतं, पण बायका मोजतातच. झाकणावर चोथ्याचा ढीग झाला. तिनं त्यावर कागद टाकला, तो ओला होऊन चिकटला. दुसरा टाकला. उचलून फेकून द्यावा तर हात लावावा लागेल. मगननं फेकायची तयारी दाखवली, तेव्हा तो हात ताबडतोब खाली आला आणि झाकणाशेजारी, टेबलावर, पालथा पडून राहिला. मगन मागे सरला. "ऱ्हाऊ दे मंग," म्हणाला. "त्यानं त्याले ऱ्हाऊ दे."

प्रेमराजनं रेल्वेच्या त्या डब्यावर नेमलेल्या बाईला विचारलं. गणवेशातली दांडगी बाई होती, चहाचे पेले घेऊन फिरायची. ती रशियनमध्ये बराच वेळ बोलली. प्रेमराज येऊन म्हणाला, "आजारी शे म्हने. या गाडीले नेहमी ऱ्हास. तिकीट शे त्याकडे. तुम्ही त्याले काही देवानं नही, असं सांगस ती."

"मंग आधी का नही सांगं?"

"आधी आपण इचारं नही, माय."

खुळ्यासारखी गोष्ट होती. पोरगं डॉक्टर, त्यानं 'आजारी' म्हटल्यावर भिकुबाईच्या मनाला जरा आधार वाटला. आजारी माणूस. पाणी भरलं असेल अंगात. गावातल्या झुलालच्या बापाचे पाय नव्हते का सुजायचे, बोट दाबलं की खळगा राहायचा? तसंच असेल. तिनं स्वतःला असं समजावलं आणि समजूत पटल्यासारखं वाटलंही. फक्त एक गोष्ट पटत नव्हती. आजारी माणूस कूस बदलतो, खोकतो, लघवीला उठतो. हा सात तासांत हलला नव्हता. हलायचा तो हात, आणि आतलं चावणं.

बाहेर उजेड मरतच नव्हता. दोन्ही बाजूंना नुसतं गवत, झाड नाही, घर नाही. रात्री दहाला शेवटची दशमी गेली. मग शेव, मग चटणी, मग प्रेमराजची बिस्किटं. प्रेमराज तोवर वरच्या बर्थवर झोपलाही होता, एक पाय दुमडून, लहानपणी झोपायचा तसाच. मगन घोरत होता.

हात पुन्हा आला. भिकुबाईनं रिकामा डबा वर करून दाखवला.

"आते काही नही शे," ती म्हणाली. "सरी गयं बठ्ठं."

हात थांबला. मग डब्यात शिरला, चारही कोपरे बोटांनी चाचपले, बाहेर आला आणि वर गेला. भिकुबाईनं सुटकेचा निःश्वास टाकला. सुटका कसली, पण टाकला. हात धुवायला म्हणून ती दार सरकवून डब्याच्या टोकाला गेली. साबण लावून तीनदा धुतले. वास जाईना. तो वास कशाचा हे तिला आता कुठं कळलं. सकाळी दात घासण्याआधी आपल्याच तोंडाला येतो, तो.

४

ती परत आली तेव्हा हात मधल्या मोकळ्या जागेवरून पलीकडे गेला होता, प्रेमराजकडे.

दोन वरच्या बर्थमध्ये माणूस आडवा हात टाकेल एवढं अंतर. तेवढं एखाद्या उंच माणसाला जमेलही. पण हाताला मध्ये कोपर असतं. भिकुबाई दारात उभी राहून कोपर शोधत होती. मनगटापासून ब्लँकेटच्या काठापर्यंत सरळ, गुबगुबीत, एकसारखं मांस होतं. कोपर नव्हतंच.

बोटं प्रेमराजच्या चेहऱ्यावर होती. ती मारत नव्हती, दाबतही नव्हती. बाजारात वांगं घेताना आपण अंगठ्यानं जसं पाहतो, कोवळं आहे का जून, तसं पाहत होती. गालावर अंगठा टेकवला, उचलला. मानेवर टेकवला. कानाची पाळी दोन बोटांत धरून हलकेच चोळली, खूप वेळ चोळली, जणू पाळी फार आवडली. जिथं अंगठा लागला तिथं ओला ठिपका राहत होता. प्रेमराज झोपेत ओठ चाटून हसला.

"प्रेम्या!" तिनं हाक मारली. आवाज फुटला नाही. तिनं मगनचा खांदा गदागदा हलवला.

"जपी जाय ना वं," तो म्हणाला, आणि कूस बदलली.

"ऊठ ना हो. त्यानी पोऱ्याले हात लाया. देख ना!"

"डॉक्टर शे पोऱ्या. देखी लेई," मगन झोपेतच म्हणाला, आणि पुन्हा घोरू लागला.

तेव्हा भिकुबाईनं जे आयुष्यात केलं नव्हतं ते केलं. तो हात उघड्या हातानं धरला. थंडगार नव्हता, हे सर्वांत वाईट. अंगाएवढाच उबदार होता, आणि आतून सैल, भिजवलेल्या कणकेसारखा. तिची बोटं त्यात रुतली आणि बाहेर काढताना चिकटली. ओढला तर लांब झाला. प्रेमराजच्या कानावरची चिमूट काही सुटली नाही.

मग ती आपल्या खालच्या बर्थवर चढून उभी राहिली आणि तिनं ब्लँकेटचं टोक उचललं. एक श्वासभरच. तिथं डोकं असेल, पाठ असेल, काहीतरी असेल असं तिला वाटलं होतं. गादीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओलं, गुलाबी होतं, आणि त्यावर ओळीनं वळ्या होत्या. आपण जीभ वर लावतो तेव्हा टाळूला लागतात, त्या वळ्या. ब्लँकेटच्या आतल्या बाजूलाही होत्या. दोन्ही बाजू एकमेकींना भेटायला किंचित हलल्या आणि तिच्या तोंडावर गरम वाफ आली.

तिनं ब्लँकेट सोडलं. ओकारी आली ती तिनं पदरात धरली.

५

पळून जावं, त्या गणवेशातल्या बाईला उठवावं, साखळी ओढावी. हे सगळं तिच्या मनात आलं. पण तेवढ्या वेळात काय होईल, हेही मनात आलं. पोराच्या कानाची पाळी आता लाल दिसत होती.

चूक तिचीच होती. कुणी मागायला आलं नव्हतं, तिनं बोलावलं होतं. पाहुणा भुकेला होता, आणि वाढणारीनं रिकामा डबा दाखवला होता. डबा रिकामा झाला तर पाहुणा घरात जे दिसेल ते मागणार. यात त्या बिचाऱ्याचं काय चुकलं, असा भलता विचार तिच्या डोक्यात आला आणि तिला स्वतःचीच शिसारी आली.

तिला आई आठवली. आईच्या घरी पंगती उठायच्या, पाहुणे काही केल्या मागायचे थांबायचे नाहीत, कुणी बाराव्या पुरणपोळीला हात पुढे करायचा. तेव्हा आई काही बोलायची नाही. शांतपणे पाहुण्याच्या शेजारी येऊन बसायची, त्याच्याच ताटातला उरलेला घास उचलायची आणि तोंडात घालायची. घरची बाई जेवायला बसली म्हणजे वाढणं संपलं. मग कितीही खादाड पाहुणा असो, तो हात धुवायला उठायचाच. लहानपणी भिकुबाईला आईच्या त्या घासाची इतकी किळस यायची की ती परसात पळून जायची. पुढच्या सगळ्या किळसेची सुरुवात तिथूनच झाली असावी.

तिनं टेबलावरचे ओले कागद सोलून काढले. झाकणावरचा ढीग दुपारपेक्षा मोठा वाटत होता. वरचा थर वाळून त्याला साय धरली होती, खाली तो चुळबुळल्यासारखा दिसत होता. चुळबुळत नसेल. गाडी हलत होती, म्हणून दिसत असेल.

"देखा," ती वरच्या बर्थकडे पाहून म्हणाली. आवाज आता नीट फुटला. "मी बसनू जेवाले. तुम्हनं व्हयनं. आते हात धुवा."

आणि तिनं चिमूटभर चोथा उचलून तोंडात घातला.

लाळ दुसऱ्याची आहे हे तिच्या तोंडाला आधी कळलं. ती घट्ट होती आणि जिभेवर आपणहून पसरली. मग त्यात एक केस लागला, मग काहीतरी कुरकुरीत, जे दशमीत तिनं घातलं नव्हतं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, दोन्ही हात बर्थची कड धरून होते. गिळ, गिळ, भिक्ये, गिळ. तिनं गिळलं.

पाळी चोळणारी बोटं थांबली. हात प्रेमराजच्या कानापासून सुटला, पण मागे गेला नाही. हवेत थांबला. वाट पाहत होता. एका घासानं काय होतं?

तिनं दुसरा घास घेतला. तिसरा. चौथ्या घासाला तिला उलटी आली. हातानं तोंड दाबून तिनं तीही परत गिळली. दहाव्या-अकराव्याला केव्हातरी ती रडायची थांबली. त्यानंतरचं तिला नीट आठवत नाही, म्हणजे ती असं सांगते. झाकण चाटूनपुसून स्वच्छ झाल्यावर तिनं मान वर केली तेव्हा हात नव्हता. वरून एक लांबलचक, तृप्त ढेकर आला आणि सगळी खोली त्या वासानं भरली.

तिला तो वास आला नाही.

६

सकाळी एका छोट्या स्टेशनवर गाडी थांबली होती. भिकुबाईला जाग आली तेव्हा वरचा बर्थ रिकामा होता आणि गणवेशातली बाई तपकिरी ब्लँकेट दोन बोटांत धरून घेऊन चालली होती. जाताना तिनं टेबलावरचं लख्ख झाकण पाहिलं, मग भिकुबाईकडे पाहिलं. ती काहीतरी बोलली, ते प्रेमराजनं सांगितलं नाही.

"काय म्हने ती?"

"काही नही. डबा घासाले पानी देऊ का, असं इचारस." तो कान खाजवत होता. पाळीवर लाल ठिपका उमटला होता. "मच्छर शेतस आठे, माय."

अल्माटी, मग दिल्ली, मग घर. घरी आल्यावर देवपुरातल्या बायका आठ दिवस बघायला येत होत्या, आणि जी ती म्हणायची की परदेशवारीनं भिकुबाई सुधारली. खरंच सुधारली. शेजारच्या मयुरीनं अर्धा पिऊन ठेवलेला चहा तिनं बोलता बोलता संपवला. लग्नाला गेली ती हात हलवत, ताट-वाटी घरी. मगनच्या उष्ट्या ताटात जेवायला बसली तेव्हा तर मगनच्या डोळ्यांत पाणी आलं. छत्तीस वर्षांनी! त्यानं सगळ्या भाऊबंदांना फोन करून सांगितलं. सासू असती तर पेढे वाटले असते.

प्रेमराज बाहेरून शिकून आलेल्या डॉक्टरांसाठीच्या इथल्या परीक्षेची तयारी करत होता. पास झाला की पुढच्या खोलीत दवाखाना. दुपारी जेवून तो दिवाणावर आडवा व्हायचा, पुस्तक छातीवर, एक पाय दुमडलेला. तो झोपला की भिकुबाई चपला घालून बाहेर पडायची. ऊन असो, वारा असो. पांझरा नदीच्या पुलावर जाऊन बसायची आणि चार वाजल्याशिवाय परतायची नाही. मगनला वाटायचं, नवस असेल.

नवस नव्हता. सांगायला जीभ रेटत नाही, पण खरं ते खरं. पोरगं झोपलेलं दिसलं, मान एका बाजूला कललेली, कान वर आलेला, की भिकुबाईच्या तोंडाला पाणी सुटायचं. एकदा ती उठली नाही. एकदाच. भानावर आली तेव्हा तिचा अंगठा त्याच्या गालावर होता, आणि तो झोपेत ओठ चाटून हसत होता.

त्याच संध्याकाळी ती म्हणाली, "तू पुन्याले जाय. तठे क्लास चांगला शेतस."

"घरमाच व्हस ना मन्हा अभ्यास."

"नही व्हत. जाय. तठेच नोकरी देख, तठेच ऱ्हाय."

"आनि दवाखाना?"

"नको माले दवाखाना."

प्रेमराजनं पुस्तक मिटलं. सहा वर्षं रोज फोनवर 'कधी येशी रे भाऊ' विचारणारी ही बाई. "माय, तू माले घरमाईन काढी राहिनी का?"

"हा," भिकुबाई म्हणाली. दुसरं काय म्हणणार होती? तिला ओरडून सांगावंसं वाटत होतं की तुझ्यासाठी, अरे तुझ्यासाठीच मी ते खाल्लं. पण तोंड उघडायची तिला भीती वाटत होती.

चार दिवसांनी सगळे धुळ्याच्या स्टँडवर त्याला पोचवायला गेले. तो घुश्शात होता, तरी एसटीत चढण्याआधी पाया पडायला वाकला. त्याची मान तिच्या पुढ्यात आली, आणि कान, आणि पाळीवरचा तो अजून न गेलेला लाल ठिपका. भिकुबाईनं पदराचा बोळा करून तोंडात कोंबला आणि दातांनी घट्ट धरला. एक पाऊल मागं सरली. आशीर्वादाचा हात तिनं काही त्याच्या डोक्यावर ठेवला नाही.

"किती रडतेस वहिनी," मयुरी तिच्या पाठीवर हात फिरवत म्हणाली. "पुणं काय लांब आहे? पदर पार भिजला बघ."

एसटी वळणापलीकडे दिसेनाशी झाली तरी भिकुबाईनं पदर तोंडातून काढला नाही. तिचे डोळे कोरडे होते.